अक्कांनी बारीक लोकर नेली

लोकरवाल्या मावशींच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्या आधी त्याच्या हातांकडे बघत आणि मग तोंडाकडे. हातांवरून त्यांना कळे की ही बाई टाके घट्ट घालते की सैल. तोंडावरून कळे की हिचं काम तडीला जाणार की दुसऱ्या बाहीपाशी अडणार. दुकान म्हणजे तरी काय, एक लांबट खोली. पुढे काचेचं दार, मागे पडद्याआड एक शेगडी आणि एक खाट, आणि दोन्ही भिंतींना लाकडी कप्पे. कप्प्यांत हाताने रंगवलेल्या लोकरीच्या लडी. कारखान्याची लोकर मावशी ठेवत नसत. "ती काय, कुठंही मिळते," असं म्हणत, आणि त्या 'कुठंही'वर असा जोर देत की एखाद्या कारखानदाराने ऐकलं असतं तर त्याने धंदाच बदलला असता.

लोकर रंगवणारी बाई नदीपलीकडे राहायची आणि परसात मोठमोठ्या पातेल्यांत रंग उकळायची. तिचं एक पातेलं दुसऱ्यासारखं निघेल तर शपथ. एकाच पातेल्यातल्या लडीसुद्धा बहिणी-बहिणी असायच्या, जुळ्या नव्हेत. म्हणून लागतील तेवढ्या लडी एकदम घ्यायच्या, वर एक जास्तीची, कारण तो रंग पुन्हा या जन्मी मिळायचा नाही. आणि निवडायच्या त्या दारात उभं राहून, दिवसाच्या उजेडात. दिव्याखाली निळी म्हणून घेतलेली लोकर घरी गेल्यावर हिरवट निघते, आणि मग माणसं दुकानदाराला शिव्या घालतात. दार चार पावलांवर होतं, तिथवर जायचा आळस आपणच केला, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मावशींचा एक हेका मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होता. जे अर्धवट राहील असं वाटतं ते त्या विकत नसत. नवशिकी मुलगी आली आणि बारीक तलम लोकर मागू लागली, की मावशी सरळ तिच्या हातात जाड लोकर ठेवत. "आधी ही संपव. संपवल्याचं सुख काय असतं ते कळू दे." पैसे देणाऱ्याला परत पाठवणारी दुकानदारीण जगात शोधून सापडायची नाही, पण ही होती. याला कारणही होतं. लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी त्यांनी नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. माणूस लाडका, म्हणून लोकर सगळ्यात बारीक घेतली. बारीक लोकरीला वेळ लागतो. पाठ झाली, पुढचा भाग झाला, आणि नवरा ज्वराने चार दिवसांत गेला. जाड लोकर घेतली असती तर त्याने तो स्वेटर निदान एक थंडी अंगात घातला असता. हे गणित मावशींनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा मांडलं, आणि उत्तर दर वेळी तेच आलं.

टेलिफोनातल्या अक्का हे मावशींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणणंही चूकच. टेलिफोनच्या कचेरीत सबंध नोकरी कानाला यंत्र लावून गेल्यामुळे अक्का माणसं आवाजावरून ओळखायच्या. मावशींपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. मावशी विधवा झाल्या आणि दुकान चालवायचं की गुंडाळायचं अशी वेळ आली, तेव्हा अक्का रोज कचेरी सुटल्यावर येऊन गल्ल्यामागे बसायच्या आणि आल्यागेल्याला इतक्या ठसक्यात बोलायच्या की उधारी मागायची कुणाची छाती व्हायची नाही. त्यांचे हात मावशींच्या मते शहरातले सगळ्यात चांगले. कोळ्याने लाजावं असं विणकाम. आयुष्यात त्यांनी कधी जाड लोकर हातात धरली नाही. "ती घोड्याच्या पाठीवर घालायला ठीक आहे," म्हणायच्या.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला अक्कांची मुलगी एकटीच दुकानात आली. लग्न मोडल्यावर ती आईकडेच राहायची, एका दवाखान्यात हिशेब बघायची. आली ती दारातच उभी राहिली.

"मावशी, आई उद्या येईल. तिला लोकर हवीय."

"येऊ दे की. त्यात सांगायचं काय?"

"तिचे रिपोर्ट आलेत." मुलगी कप्प्यांकडे बघत बोलत होती. "थंडी संपेपर्यंत, फार तर. त्यापुढं डॉक्टर काही बोलत नाहीत. तिला आम्ही काही सांगितलेलं नाही. पोटात साधी सूज आहे म्हणून सांगितलंय. तुम्ही तोंडावर काही दिसू देऊ नका. मागेल ते द्या, हसा, बोला. तेवढं करा माझ्यासाठी."

मावशींनी तिला शब्द दिला. असा शब्द मागणाऱ्याचा मला राग येतो, आणि देणाऱ्याचा त्याहून जास्त येतो. आजार ज्याचा, त्यालाच तेवढं सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक, ही कुठली माया? पण त्या पोरीचा चेहरा ज्याने बघितला असता त्याने शब्द दिलाच असता. मीसुद्धा दिला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आल्या. अंगाने निम्म्या राहिल्या होत्या, पण आवाज तोच. मुलगी त्यांना दारापाशी सोडून औषधं आणायला पुढे गेली. अक्कांनी नेहमीची खुर्ची दारातल्या उजेडात ओढून घेतली.

"काय गं, नदीपलीकडची बाई अजून आहे की रंगात बुडून मेली?"

"आहे. कालच माल आलाय."

"मग दाखव. शाल विणायचीय पोरीसाठी. चांगली मोठी, डोक्यावरून पायापर्यंत. इतके दिवस बाहेरच्यांसाठी विणलं, घरची उघडीच राहिली."

मावशी कप्प्यांकडे वळल्या. सकाळपासून त्यांनी चेहऱ्याची तयारी केली होती. हसायचं कुठे, थट्टा कुठली करायची, सगळं ठरवलं होतं. हातांची तयारी मात्र त्यांनी केली नव्हती. मोठी शाल, बारीक लोकर, म्हणजे वर्षाचं काम. हात वरच्या कप्प्याकडे गेला, तिथे थांबला, आणि खालच्या कप्प्यातल्या जाड, मऊ, राखी निळ्या लडी काढून घेऊन आला. त्यांनी त्या अक्कांच्या मांडीवर ठेवल्या. अक्कांची शाल पुरी व्हावी, एवढाच त्या क्षणी त्यांच्या मनात विचार होता. अक्कांनी ती पुरी करावी, पोरीच्या अंगावर घातलेली बघावी. करायला गेल्या एक.

अक्कांनी एक लड उचलली, उजेडात धरली, बोटांत चुरडून बघितली.

"रंग सुरेख आहे."

"आहे ना. आणि ऊब म्हणाल तर..."

"ही तर पंधरा दिवसांत संपेल."

"मग बरंच की. हातांना त्रास नाही. लवकर होईल."

"मला कुठं जायचंय लवकर?"

मावशींना उत्तर सुचलं नाही. एक साधं वाक्य सुचलं असतं तरी चाललं असतं. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिच्या चाकांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, तरी त्या गप्पच होत्या. टेलिफोनात जन्म काढलेल्या बाईला गप्प बसण्याचा अर्थ शिकवावा लागत नाही.

"तू मला जाड लोकर देतेयस," अक्का म्हणाल्या.

"अक्का, तसं नाही..."

"पोरगी येऊन गेली ना इथं?"

मावशींनी खाली बघितलं. तेवढं पुरेसं झालं.

अक्का बराच वेळ ती लड मांडीवर सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी येणारे-जाणारे हल्ली सगळे फार हसतात गं. मला वाटलं, मी बरी होतेय म्हणून हसतात."

मावशी अक्कांच्या खुर्चीशी जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यांना हात लावून म्हणाल्या, "मी काय केलं हे. माझी जीभ सांभाळली मी, आणि हे हात..."

"गप्प. रडू नकोस, गिऱ्हाईक येईल." अक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "किती आहे?"

"थंडी संपेपर्यंत म्हणतात."

"बरं." अक्कांनी मान हलवली, जणू कुणी गाडीची वेळ सांगितली होती. मग त्यांनी जाड लडी एकेक करून बाजूला ठेवल्या. "आता ती वरची काढ. बारीक."

"अक्का, ती पुरी..."

"मला कळतं ते. पण जाड घेऊन घरी गेले तर पोरीला काय वाटेल? ती लहानपणापासून माझे हात बघतेय. आईने जाड लोकर आणली म्हणजे आईला कळलं, हे तिला दारातच समजेल. ती बिचारी जीव तोडून खोटं बोलतेय. तिचं खोटं मी कशाला मोडू? बारीक काढ, आणि सगळ्या लडी दे. वर एक जास्तीची. आणि तू तिला कधीही सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

दोघींनी मिळून निवड केली. रंग अक्कांनी मुद्दाम कठीण घेतला, जांभळ्यातून करड्यात जाणारा, ज्याच्या दोन लडी सारख्या दिसत नव्हत्या. त्या एकेक लड उजेडात धरत, मावशींना परत पाठवत, ही गडद आहे, ही जरा मळकट वाटते, असं म्हणत राहिल्या. लडी अशा लावून घेतल्या की दोन लडींचे गुंडे आलटून पालटून विणले तर फरक कुणाला दिसू नये. मुलगी परत आली तेव्हा आई दुकानदारणीवर ओरडत होती. "हा काय रंग म्हणायचा? पुढच्या थंडीत हिच्या अंगावर शोभला नाही तर तुझ्या दारात आणून टाकीन." मुलीने पिशवीतल्या बारीक लडी बघितल्या आणि तिचा चेहरा सैलावला. आईच्या पाठीमागून तिने मावशींकडे बघून हात जोडले.

त्या थंडीत मावशी दर आठवड्याला अक्कांकडे जात. निमित्त लडी सोडवायचं. लड दोन्ही हातांवर ताणून धरायला एक माणूस लागतं, दुसरं तिचा गुंडा करतं. मावशी समोर बसून हात पसरून धरत, अक्का गुंडाळत, आणि मुलगी चहा आणून देता देता सांगत की आज आईचा रंग किती सुधारलाय. अक्का म्हणत, हो, भूकही लागते आता. मुलगी हसे, अक्का हसत, आणि मावशींना हसावं लागे. दोन्ही हात लडीत अडकलेले असल्यामुळे त्यांना डोळेसुद्धा पुसता येत नसत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एकदा मुलगी स्वयंपाकघरात असताना मावशी पुटपुटल्या, "सांगून टाका तिला. अजून वेळ आहे."

"आणि तिला उरलेले दिवस माझ्यासमोर रडत काढायला लावू? हसते आहे ना, हसू दे. मी गेल्यावर रडेलच की."

"आणि तुम्ही?"

"मी तुझ्याकडे बघून रडते की. दिसत नाही का तुला?" असं म्हणून अक्का गुंडाळत राहिल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

थंडी संपायच्या आत त्या गेल्या. शाल जेमतेम हातभर झाली होती.

काही आठवड्यांनी मुलगी दुकानात आली. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. ती दारातल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुमचे आभार मानायचे राहिले होते, मावशी. तुम्ही तोंडावर काही दिसू दिलं नाहीत."

मावशी गल्ल्यावरच्या लडी सारख्या करू लागल्या.

"शेवटपर्यंत कळलं नाही तिला. पुढच्या थंडीचं बोलत होती. एवढी बारीक शाल कोण विणायला घेतं, कळलं असतं तर? एवढं एकच समाधान आहे मला."

"हो," मावशी म्हणाल्या.

मुलगी बोटातल्या अंगठीशी चाळा करत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "फार वाटायचं हो मला, एकदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं. एकदाच. रोज रात्री तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि मागे फिरायचे. रडले असते तर तिला कळलं असतं ना."

मावशींचं तोंड उघडलं. पण अक्कांची शपथ आडवी आली. त्या उठल्या, पुढे झाल्या, आणि मुलीने त्यांच्या कमरेला मिठी घातली. इतके महिने दाबून ठेवलेलं ते रडं तिने मग पुरतं रडून घेतलं, पण लोकरवाल्या बाईजवळ.