तीन केंद्रं, एक बाक

ये, अशी जवळ बस. मोबाइल आधी पालथा ठेव. काय गं, एवढी विद्यापीठं एकमेकांना जोडतेस, आणि मावशीला एक फोन जोडता येत नाही होय? दिवाळीला येते म्हणालीस, मग संक्रांतीला. आता आंबे आले तरी तुझा पत्ता नाही. तू तिकडे विदर्भात, मी इकडे डोंबिवलीत, हे कळतंय मला. तरी लिहिताना तू समोर बसली आहेस असं धरूनच चाललेय. नाहीतर हातच पुढे सरकत नाही.

तू ही योजना घेऊन पहिल्यांदा आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आलेलीस, आठवतं? ओट्याला टेकून सांगत होतीस, "मावशी, काही विद्यापीठांनी युती केलीये."

"म्हणजे निवडणूक लागली की काय?"

तू हसून हसून बेजार. मग नीट समजावलंस. पदवीला वर्षं जातात, ती सगळ्यांना जमत नाहीत. म्हणून छोटे छोटे अभ्यासक्रम काढायचे, कुठल्याही वयाच्या माणसासाठी. एक या विद्यापीठाचा, दुसरा त्या विद्यापीठाचा, तिसरा आणखी कुठला. प्रत्येकाचं छोटं प्रमाणपत्र, आणि तिन्ही झाले की जोडून एक मोठं. घरच्या आजारी माणसाची काळजी कशी घ्यायची, हा विषय तुम्ही सुरुवातीला करून बघणार होतात आणि तुला शिकणारी माणसं हवी होती.

मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही, आणि ती सातवीही जमिनीवर बसूनच. पुढचं वाचन म्हणजे वाचनालयातून आणलेलं, आणि सासूबाईंच्या औषधांच्या खोक्यांतलं बारीक अक्षर. कॉलेज म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट यायची. लाकडी बाक, आणि त्यावर शेजारी कुणीतरी. आपल्याला कळलं नाही की तिला हळूच कोपर मारायचं. तुझ्या योजनेत बाक नव्हता, सगळं मोबाइलवर. तरी मी हो म्हटलं. आणि समोरच्या वहिनींना नि तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंनाही ओढलं.

आता आमच्या बिल्डिंगची रीत तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात पापड कुणी एकटीने केलेच नाहीत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्यांनी पोळपाट घेऊन जायचं. अभ्यासही आम्ही तसाच केला. आज माझ्याकडे, उद्या वहिनींकडे. एक मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा आणि तिघींनी ऐकायचं. मध्येच ताई म्हणायच्या, "थांबवा त्या मॅडमना, चहा उतू जातोय." पहिला भाग असा आरामात झाला.

दुसऱ्या भागात उत्तरं लिहून पाठवायची होती. ताप आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कसं सांभाळाल? वहिनी मोठ्याने सांगत गेल्या, ताईंनी दुरुस्त केलं, मी वाक्यं जुळवली. मग तिघींनी आपापल्या मोबाइलवरून तेच पाठवून दिलं. शेवटचं वाक्य वहिनींचं होतं, "आणि आपण चिडचिड करू नये." तिन्ही उत्तरांत अगदी तस्संच. तुमच्या उत्तरं तपासणाऱ्या मशीनने आम्हाला पकडलं! कॉपी केली म्हणून तिघींची प्रमाणपत्रं अडकली. तुझा फोन आला, आवाज अगदी बारीक झालेला. "मावशी, हे काय केलंत?" मला खरंच कळेना. पापड एकत्र लाटले म्हणून कुणी चोर म्हणतं का?

वहिनींनी दोन दिवस दार उघडलं नाही. त्यांना वाटलं, त्या शेवटच्या वाक्यामुळेच झालं.

मग तू मला ठाण्याला त्या बैठकीत नेलंस. नौपाड्यातला तो हॉल, थंडगार, आणि मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसलेले. सगळ्या विद्यापीठांची मोठी माणसं पुढच्या वर्षांचं ठरवत होती. एक सर फार गोड बोलले. "मावशी, परीक्षा एकटीने द्यायची असते."

मी म्हटलं, "परीक्षा देऊ की एकटीने. पण शिकायचंही एकटीनेच का? पापडाच्या लाट्या सगळ्या मिळून करतो, सर. लाटताना पोळपाट मात्र जिचा तिचा."

कुणीतरी हसलं. तू मान खाली घालून भराभर लिहीत होतीस. त्यातूनच ते ठरलं ना? शिकताना गट चालेल, परीक्षा मात्र तोंडी, एकेकीची. आम्ही दिलीही, मोबाइलसमोरच. झोपलेल्या माणसाला न उठवता चादर कशी बदलायची ते करून दाखवायचं होतं. तिघींनी तीन तऱ्हांनी दाखवलं आणि तिघी पास झालो. वहिनींनी बिल्डिंगभर साखर वाटली. शेवटचा भाग तेवढा राहिला.

आणि मग बिल्डिंगच पाडायला घेतली. नवी होईल, मोठी होईल, लिफ्ट येईल, सगळं खरं. तोवर वहिनी मुलाकडे शहाडला गेल्या, ताई लेकीकडे ठाण्याला. मी इथेच, स्टेशनच्या पलीकडे भाड्याच्या घरात. समोर दार आहे, पण त्या दारातून कुणी "काय केलंत आज?" म्हणत नाही.

तिसरा भाग आम्ही आपापल्या घरी बसून ऐकला. आता आमची उत्तरं वेगवेगळी येतात. मशीन खूश आहे. मी चहा उतू जाईपर्यंत ऐकत बसते, थांबवा म्हणणारं कुणी नाही. परवा वहिनी फोनवर म्हणाल्या, "अहो, एक वाक्य मला कळलंच नाही, पण विचारू कुणाला?" मी विचारलं, कुठलं. तर म्हणे, "आता विसरले."

आता शेवटी एकदा वर्गात जायचंय, खऱ्या. मॅडम समोर, हाताने करून बघायचं. हे ऐकलं त्या दिवशी मी नवी साडी काढून ठेवली. मग मेसेज आला. माझं केंद्र डोंबिवली, वहिनींचं कल्याण, ताईंचं नौपाडा. म्हाताऱ्या माणसांना लांब जावं लागू नये म्हणून प्रत्येकीला घराजवळचं. ही तुझीच माया, ओळखली मी. कुठेही शिका, सगळं जोडून मिळेल, असं तू म्हणाली होतीस. तेही खरंच. प्रमाणपत्र जोडून मिळेल गं. पण अख्ख्या जन्मात पहिल्यांदा बाकावर बसणार, आणि शेजारी दुसरंच कुणीतरी. मी कोपर कुणाला मारू?

वहिनी म्हणतात, राहू दे, पोरीला त्रास नको. ताई म्हणतात, कल्याणला आपण तिघी येऊ शकतो, विचारून तर बघा. म्हणून विचारतेय. तिघींना एका वर्गात घालता येतं का, ते बघ. नाही जमलं तर तसं सांग, मी रुसणार नाही. म्हणजे थोडीशी रुसेन.

पण ते फोनवर सांगू नकोस, येऊन सांग. उडदाचं पीठ आणून ठेवलंय, पापडखारही आहे. वहिनी आणि ताई म्हणाल्यात, ती आली की आम्ही येतो. पोळपाट माझ्याकडे आहे जास्तीचा, तू फक्त हात घेऊन ये. एकटीने पापड लाटत नाहीत गं. ऊन आहे तोवर ये.