कांताआत्याच्या डोळ्यातलं भिंग

गोपिकाच्या डोळ्यांतली भिंगं जन्मापासूनच जागेवरून सरकलेली होती. भिवापूरच्या घरात कांताआत्याचा शब्द चाले. आत्याने निकाल देऊन टाकला, "आमच्यात असं कोणाले नाही. हे शोभाच्या माहेरचं." शोभा म्हणजे गोपिकाची आई. त्यानंतर लग्नकार्यात शोभाला कोणी पुढे बोलावेना. ती मागच्या दारी भांडी घासत बसे.

सातव्या वर्षी नागपुरात गोपिकाचं ऑपरेशन झालं. सरकलेली भिंगं काढून कृत्रिम भिंगं बारीक धाग्याने शिवून बसवली. तिला स्वच्छ दिसू लागलं. पुढे नागपुरातल्याच इतवारी बाजारात, भांड्यांच्या दुकानात ती स्टीलवर नावं कोरू लागली. ऐन पंचविशीत उजव्या डोळ्यातला धागा तुटला, भिंग कललं. पुन्हा ऑपरेशन झालं, डोळा वाचला. आई मात्र तो ठपका घेऊनच गेली. गोपिकाने आत्याशी बोलणं टाकलं.

गेल्या वर्षी आत्याच्या नातीला, सून वैभवीच्या उन्नतीला, तेच निघालं. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासले. मग आत्या एकटीच इतवारीत आली.

"माह्याही डोळ्यातलं भिंग सरकलेलं आहे म्हणते डॉक्टर. पोरीले माह्याकडूनच आलं, अन् तुलेही आपल्याच घराण्यातून म्हणते. कोणाले सांगू नको वं."

"मंग सुनेच्या माहेरचं आहे म्हणून काहून सांगून राहिली? वैभवीचा फोन आला होता मले."

आत्याने पिशवी उचलली आणि दुकानाची पायरी उतरली.

त्याच आठवड्यात रविवारी भिवापुरात एक बारसं होतं. सगळी भावकी जमलेली. गोपिका बायकांच्या मधोमध उभी राहिली. "आत्या, डॉक्टर काय म्हणाले ते सांग. नाहीतर मी सांगते."

"माह्याकडून आलं," आत्या पुटपुटली.

"मोठ्यानं. माह्या आईचं नाव घेऊन."

"शोभाचा दोष नव्हता," म्हणत आत्या रडू लागली. गोपिकाने ते रडणं डोळे भरून पाहिलं.

उन्नतीच्या ऑपरेशनच्या दिवशी ती वैभवीजवळ बसून होती.

"टिकते का ताई हे?"

"डावं अजून जागेवर आहे माह्यं. उजव्याचं तुले माहीत आहे. दरवर्षी दाखवायचं, पोरीले डोळा चोळू द्यायचा नाही."

तिने थर्मासमधून वैभवीला चहा ओतून दिला. बाकाच्या टोकाला बसलेल्या आत्याने हात पुढे केला. गोपिकाने झाकण घट्ट फिरवून थर्मास पिशवीत ठेवला.