हिचं मी सांगते

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाईट, त्याची माफी असावी. चौथीनंतर हातात पेन फारसं आलं नाही. पण थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, यांच्याविषयी लिहून ठेवावंसं वाटतं.

आक्कांचा आवाज रहिमतपूरच्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. माझा शेजारच्यालाही ऐकू यायचा नाही. कासाराकडे, रेशनच्या दुकानात, मुलांच्या शाळेत त्याच पुढे व्हायच्या. "थांबा, हिचं मी सांगते." मग मला चिमटा काढून म्हणायच्या, "तोंड नुसतं जेवायला दिलंय व्हय गं तुला?"

माझ्या दोन्ही मुलांना न्हाऊ-माखू त्याच घालायच्या. त्यांना मूल नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्यांनी सांगलीच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू केले. ब्लाउज शिवून साठवलेले पैसे पुरेनात, तेव्हा मी माझ्या पाटल्या मोडून दिल्या. सोबतीलाही मीच गेले.

सुईनं बीजं काढली त्या दिवशी सकाळी आक्का हसत होत्या. "सात अंडी निघाली. कोंबडीला हरवलं बघ." दुपारी लघवीला लाल झालं. मग रक्ताच्या गाठी पडल्या, आणि नंतर लघवी होईचना. ओटीपोट दगडासारखं झालं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "कुणाला बोलू नगंस. परवा गर्भ आत सोडणार हायत. कळलं तर थांबवतील."

संध्याकाळी डॉक्टर आले. "कसं वाटतंय?"

"लय ब्येस," आक्का म्हणाल्या. कपाळावरून घाम गळत होता.

डॉक्टर जायला वळले. परक्या पुरुषासमोर असलं काही मी कधी बोलले नव्हते. "आवं डॉक्टर, यांना दुपारधरनं लघवी झाली न्हाई. रगात पडतंय."

आक्कांनी माझा हात सोडला.

लघवीच्या पिशवीला सुई लागली होती. असं क्वचितच होतं, डॉक्टर म्हणाले. नळी घालून त्यांनी गाठी धुऊन काढल्या. दुसऱ्या दिवशी आक्कांना ताप चढला. तीन गर्भ तयार झाले होते, ते आत सोडता आले नाहीत. राखून ठेवायची सोय तेव्हा तिथं नव्हती. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आक्का भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

त्या माझ्याशी कधी भांडल्या नाहीत. महिन्याभरानं कासार दारात आला. मी सवयीनं त्यांच्याकडे बघितलं. मशीनवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझं तू सांग. येतंय की तुला बोलायला."

पुन्हा उपचार झाले नाहीत. ब्लाउज मात्र त्या शिवतच राहिल्या, आणि जमतील तसे पैसे माझ्या डब्यात ठेवत गेल्या. नको म्हटलेलं ऐकायच्या नाहीत. तीन वर्षांनी थोरल्या दिरांना शिरवळच्या कारखान्यात काम लागलं. टेम्पोत सामान चढल्यावर आक्का आत आल्या आणि माझ्या हातात नोटा दिल्या.

"मोज."

"आक्का, राहू द्या."

"मोठ्यानं मोज. मला ऐकू यायला पायजे."

मी मोजल्या. शेवटची नोट आली तेव्हा माझा आवाज बाहेर टेम्पोपर्यंत गेला असेल. आक्कांनी पदरानं माझे डोळे पुसले आणि त्या निघाल्या. पाटल्यांचे सगळे पैसे फिटले होते.