लाट विकणारे मामाजी

मामाजी कोणा दुकानदाराला घेऊन आमच्याकडे आले की आधी पाट मागायचे. जेवायला नाही. पाट खाली ठेवून त्यावर बाजूला तोंड करून उभे राहायचे, गुडघे वाकवायचे, दोन्ही हात पसरायचे आणि सांगायचे, "हा बोर्ड, हा समुद्र, अन् माह्या अंगठ्यासमोर तुमच्या दुकानाचं नाव." साठी उलटलेली, पोट थोडं पुढे. पण ऐट अशी की हसू आलं तरी हसता यायचं नाही.

ते माझे कोणी मामा नव्हेत. भिलाईच्या सेक्टर १०मध्ये आमच्यासमोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि अख्खी लाइन त्यांना मामाजीच म्हणायची. सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटच्या विक्री विभागात झाली. "वैनी," ते मला म्हणायचे, "लोखंड मी कधी विकलंच नाही. ते आपोआप जाते. विकाचं काय असते ते आता समजून राहिलं."

आता म्हणजे भाचीमुळे. भाचीचे वडील रेल्वेत, बदली विशाखापट्टणमला. पोरगी तिथेच वाढली, फळीवर चढून लाटेवर उभी राहायला, म्हणजे सर्फिंग, शिकली आणि मोठ्या स्पर्धांत उतरू लागली. मग तिला पैसे आणि बोर्ड देणाऱ्या कंपनीने तिला सोडलं. खेळ बिघडला म्हणून नाही, फोनवर तिला पाहणारे लोक कमी म्हणून. तिच्या जागी जी घेतली ती लाटेवर कमी आणि फोटोत जास्त उभी राहते, असं मामाजींचं म्हणणं. या हंगामाचा खर्च उचलणारं कोणी मिळालं नाही तर भाचीने खेळ सोडून बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसायचं, हे तिच्या घरी ठरून गेलं होतं. मामाजींनी बहिणीला फोनवर सांगून टाकलं, थांब, दुकानदार मी आणतो.

आता तुम्हीच सांगा, भिलाईच्या माणसाने समुद्रावर आपलं नाव कशाला लावावं? हार्डवेअरच्या शेठने तेच विचारलं. तिथला माणूस माझ्याकडे नळाची तोटी घ्यायला येणार आहे का? मामाजी अडले नाहीत. माणूस नाही येणार, फोटो येईल, गल्ल्याच्या वर लावा. शेजारच्या दुकानात क्रिकेटवाल्याचा फोटो आहे, पण त्याच्या बॅटवर त्या दुकानाचं नाव आहे काय? शेठ विचारात पडले.

मग एका रविवारी मामाजींनी चार दुकानदार आमच्याकडे बोलावले. आमचा टीव्ही मोठा, म्हणून. स्पर्धा फोनवर थेट दिसणार होती, ती टीव्हीवर जोडली. वेळ दिली दुपारी चारची, प्लांटची शिफ्ट असल्यासारखी. मी तर्री-पोहे केले. चार वाजले, टीव्ही लागला, आणि समुद्र दिसला, इस्त्री केलेल्या चादरीसारखा.

बोलणारा माणूस इंग्रजीत सारखं सांगत होता, वाट पाहू या. आम्ही पाहिली. पोहे संपले, चहा झाला, पुन्हा चहा झाला. हार्डवेअरचे शेठ म्हणाले, "मामाजी, इससे ज़्यादा पानी तो तांदुला डैम में हिलता है."

"समुद्र आहे शेठजी," मामाजी शांतपणे म्हणाले, "त्याले शिफ्ट नसते."

मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. म्हटलं, तुमच्या फोनमध्ये तिच्या मागच्या वर्षीच्या लाटेचा व्हिडिओ आहे ना, तो लावा की. ह्यांना काय कळणार आहे?

"लावता येते वैनी," ते म्हणाले. "पण मंग हे लोक समजतील का समुद्र रोजच असा असते. अन् लाट नाही आली का दोष देतील पोरीले."

आम्ही बाहेर येऊन पाहतो तर दोघे उठले होते. शेठही चपला घालत होते. राहिली फक्त पलीकडच्या रुआबांधा वस्तीतली एक बाई. तिचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. ती टीव्हीकडे टक लावून बसली होती. तिथे भाची दिसत होती. वाळूवर बसून बोर्डाला मेण घासत होती, मध्येच समुद्राकडे पाहत होती, पुन्हा घासत होती.

"सकाळपासून अशीच बसून आहे काय ही?" बाईने विचारलं.

मामाजी हो म्हणाले. उद्याही बसावं लागेल, हेही सांगून टाकलं.

"माहं दुकान बारा महिने उघडा लागते," ती म्हणाली. "धंदा होते जूनमधी. बाकीचे दिवस मले बी असंच बसा लागते, काउंटर पुसत." मग मामाजींकडे वळली. "नाव टाका माहं. पण पोरगी हारली तरी काढाचं नाही."

मामाजींनी खिशातली वही काढली आणि तिच्या दुकानाचं नाव लिहून घेतलं. लाट विकायला निघाल्यापासून पहिल्यांदाच.

भाची दुसऱ्या फेरीत हरली. नाव निघालं नाही. पुढच्या हंगामात ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली, आणि मामाजी क्वार्टर सोडून बहिणीकडे विशाखापट्टणमला राहायला गेले. समोरच्या दारावर आता दुसऱ्यांची पाटी आहे. नवे लोक चांगले आहेत, पण दार लावून घेतात.

परवा गणवेशवालीने मला दुकानात बोलावून एक फोटो दाखवला. भाची बोर्ड काखेत धरून पाण्याकडे निघाली आहे, बोर्डावर रुआबांध्याच्या दुकानाचं नाव ठसठशीत. मागे मामाजी, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, पाय ओल्या वाळूत. सगळा किनारा समुद्राकडे पाहतो आहे. मामाजी तेवढे समुद्राकडे पाठ फिरवून उभे आहेत आणि माणसांच्या तोंडाकडे पाहत आहेत, नाव कोण वाचतं आहे ते.