तोंडावर वाचायचं पत्रक

आज महाल भागातल्या आमच्या छापखान्यात ओल्या शाईचा वास आला आणि मी मनानं पुन्हा एका मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

पत्रकं वाचतच मी मोठी झाले. मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक शाळेतल्या मुलांकडून संडास धुवून घेणाऱ्या त्या मुख्याध्यापकांवर होतं. छापखाना चालवणाऱ्या देवरावभाऊंचा एकच नियम होता: ज्याच्यावर लिहिलं, त्याला आधी तोंडावर वाचून दाखवायचं. ते स्वतः सोबत आले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. पंखा बंद होता. घामानं कागद बोटांना चिकटला. सगळे आरोप मी ठणकावून वाचले, फक्त 'नीच' हा शब्द तोंडातून निघेना.

बाहेर येताच भाऊ म्हणाले, "एक शब्द काहून गाळला वं?"

"तोंडावर नाही म्हणता आला."

"मग छापून कशाले राहिली? पाठीमागून तर कुत्रंबी भुंकते."

त्यांनी तो शब्द खोडला. तेव्हा मला ते भित्रे वाटले होते.

भाऊ गेल्याला आज तेरा दिवस झाले. त्यांच्यावरचं पत्रक मी लिहिलं आहे. त्यातलं एकच वाक्य मी त्यांना कधी तोंडावर म्हटलं नव्हतं: भाऊ, मी धीट झाले ती तुमच्यामुळे. आता ऐकायला ते नाहीत, म्हणून त्यांच्याच नियमानं ते वाक्य छापता येत नाही. आणि खोडलं, तर उरलेलं सगळं खोटं पडतं. पेन हातात धरून बसले आहे. भाऊ अजून दाराला पाठ लावून उभेच आहेत.