साडूभाऊ आणि चिनी डॉक्टरीण

माझ्या साडूभाऊंइतका डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या शारजात शोधून सापडायचा नाही, आणि हे मी आज रागात आहे म्हणून म्हणत नाही, गेली दोन वर्षं रोजच म्हणतोय. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यामुळे तोंडावर बोलायची सोय नाही. आमच्या ताई गेल्या, मुलगा कॅनडात, आणि अल मजाजला आमच्याच टॉवरमध्ये वर एकटे उरलेल्या या गृहस्थाने बर दुबईच्या एका चिनी डॉक्टरणीकडे जाऊन जाऊन चिनी औषधांचं खूळ डोक्यात घेतलं. घरी आले की चहाच्या आधी आमच्या जिभा बघणार. "पिवळट आहे रे, पोटात उष्णता साठलीय." माझी लेक हल्ली दार उघडतानाच सांगते, "काका, प्लीज, नॉट माय टंग अगेन." बाहेर पंचेचाळीस डिग्री, मी भाजून घरी आलेलो, आणि हे माझ्या हातातलं गार पाणी काढून घेऊन कोमट पाणी देतात. माझ्याच घरात, माझ्याच ग्लासात.

पाठीवर काचेचे पेले लावून घ्यायचे आणि ते जांभळे गोल डाग मिरवत खाली पूलमध्ये उतरायचं. वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, अंकल को कौन मारता है?" संशय माझ्यावर होता. एकदा घरात वाळक्या पाल्याची कांडी पेटवून गुडघा शेकत बसले. धुराने फायर अलार्म वाजला आणि बावीस मजले भर दुपारी जिन्याने खाली. मी घरच्या लेंग्यात उभा, आणि हे शेवटी रमतगमत आले. "काही नाही, यल्ला, वर चला. गुडघा मात्र मोकळा झाला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पण गेल्या महिन्यात कहर झाला. मला हॉस्पिटलमधून फोन आला. साडूभाऊंचं ब्लडप्रेशर इतकं चढलेलं की डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हाती काही उरलं नसतं. दोन महिने ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद. मी तडक बर दुबईला त्या चिनी डॉक्टरणीच्या दवाखान्यात गेलो, तिची चांगली खरडपट्टी काढायला. पन्नाशीची बारीकशी बाई. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मैं हर बार पूछती, हार्ट का गोली खाता? वो बोलता, खाता. आज नाड़ी पकड़ा तो मैं ही अ‍ॅम्ब्युलन्स बुलाया." म्हणजे जिला शिव्या घालायला गेलो तिनेच यांचा जीव वाचवला होता. मी सॉरी म्हणून खाली मान घालून निघालो.

मग उरलेला सगळा राग वॉर्डात काढला. "मरायचंय का तुम्हाला? डॉक्टरला फसवलंत, आम्हाला फसवलंत. गोळ्या का सोडल्या?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "गोळ्या घेतल्या की नाडी सरळ चालते रे. मग ती डॉक्टरीण दोन मिनिटांत हात सोडते. म्हणते, खलास, व्हेरी गुड, नेक्स्ट मंथ. बिघडलेली असली की वीस मिनिटं धरून बसते. रात्री झोप लागते का विचारते. आमची ही गेल्यापासून माझा हात दुसऱ्या कुणी धरलाय का?"

या वेडेपणाला काय म्हणावं? मला अजूनही चीड येते. त्यांची येते, आणि लिफ्टने सात मजले वर राहणाऱ्या माणसाकडे दोन वर्षांत फक्त अलार्म वाजल्यावर लक्ष गेलं, म्हणून माझीही येते. हल्ली ऑफिसातून आलो की आधी वर जातो. गोळी माझ्या डोळ्यांदेखत घ्यायला लावतो. मग त्यांचं मनगट हातात घेऊन बसतो. मला नाडीतलं ओ की ठो कळत नाही.

"कशी आहे?" ते विचारतात.

"खराब," मी सांगतो, आणि धरून ठेवतो.