पाटलांनी तिजोरी पारखली

“जोशी, दार उघडून नाई राह्यलं.”

फोन वामनराव पाटलांचा होता. दुसरबीडच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्यांचं गाव. बंदूक ठेवायची तिजोरी मी त्यांना दोनच दिवसांपूर्वी पोचवली होती. मेहकरला माझं तिजोऱ्यांचं दुकान आहे. तीस वर्षं या धंद्यात काढल्यावर अशा फोनची सवय होते. निम्म्या वेळा बॅटरी उलटी बसवलेली असते.

“आकडे नीट दाबले का?”

“आकडे नाई राह्यले.”

“म्हणजे?”

“वितळले.”

मी गाडी काढली.

पाटलांकडे वडिलांच्या वेळेपासून बाराबोर बंदूक आहे. लायसन पिकाच्या राखणीचं. त्यांच्या शेतात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं येतात हे खरं, पण ती बंदूक कधी शेतात गेल्याचं गावात कुणाला आठवत नाही. ती वर्षातून एकदा, दसऱ्याला, बाहेर यायची. पाटील तिला तेल लावत, बैठकीत पाटावर ठेवत, झेंडूची माळ घालत. संध्याकाळी सोनं द्यायला येणारा माणूस आधी बंदुकीला हात जोडी आणि मग पाटलांना. रानडुकरं निर्धास्त होती, पण गाव वचकून आहे असं पाटलांचं मत होतं.

निवडणूक आली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. पाटलांचीही झाली. निकाल लागला, लोकांनी अंगावरचा गुलाल धुतला, आणि पाटील बंदूक परत मागायला गेले. हवालदारांनी विचारलं, “घरी ठेवता कुठं?” पाटील म्हणाले, “पलंगाखाली.” हवालदारांनी पेन खाली ठेवलं. पक्की कुलपाची तिजोरी घ्या, भिंतीला बोल्टनं आवळा, तिचा फोटो आणा, सोबत मूळ लायसन आणा आणि मग बंदूक न्या, असं त्यांनी सांगितलं.

दसऱ्याला बारा दिवस उरले होते. पाटील ठाण्यातून तडक माझ्या दुकानात आले.

“लोक सोनं द्यायले येतीन आन् रिकामा पाट पाह्यतीन. काय तोंड दाखवू मी?”

माणूस खरंच घाबरला होता. मी चहा मागवला आणि पहिला प्रश्न विचारला, “बंदूक किती लांब आहे?”

पाटील उभे राहिले आणि छातीवर आडवा हात धरला. “इथलोक.”

बंदुकीची तिजोरी घेताना लोक बाहेरची उंची बघतात. बघायची असते आतली. आग सोसणाऱ्या तिजोरीत दोन पत्र्यांच्या मध्ये सिमेंटसारखा मसाला भरलेला असतो. त्या जाडीत चार-पाच इंच सहज जातात. बाहेरून ऐसपैस दिसणाऱ्या तिजोरीत बंदूक तिरपी ठेवूनही मावली नाही, असं एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत झालंय. म्हणून मी ठाण्यात फोन लावला आणि हवालदारांकडून बंदूक टेपनं मोजून घेतली. काडतुसांसाठी आत वेगळ्या कुलपाचा कप्पा असलेलं मॉडेल निवडलं. आकड्यांचं लॉक, आणि ते बिघडलं तर उघडायला एक चावी. चावी फक्त लायसनवाल्याच्या खिशात राहायला हवी, देवाच्या फोटोमागच्या खिळ्याला नाही. हे मला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, कारण आपल्याकडे सगळ्या घरांच्या चाव्या त्याच खिळ्याला असतात.

“आन् आगीत टिकते?” पाटलांनी विचारलं.

“एक तास.”

“कोनं पाह्यलं?”

“कंपनीनं. भट्टीत घालून टेस्ट करतात. सर्टिफिकेट आहे.”

पाटलांनी सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी पाहिलं. “कागद तं बियान्याच्या थैलीवर बी असते जोशी. यंदा सोयाबीन दोनदा पेरलं मी. आमी बैल घेतो तं चाकं बांधून गाडी ओढाले लावतो. मंगच दावं हाती घेतो.”

मी हसलो. हसायला नको होतं. त्या जागी एक वाक्य बोलायला हवं होतं, ते मी बोललो नाही. त्याची सल अजून आहे.

तिजोरी पोचवली त्या दिवशी टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून रस्त्याकडेच्या खळ्यात उतरवून ठेवली. माझा बोल्ट मारणारा फिटर दोन दिवसांनी येणार होता. तेवढ्या दोन दिवसांत पाटलांनी तिला बैल समजून पारखली.

मी पोचलो तेव्हा खळ्यात निम्मं गाव होतं. मध्ये काळीठिक्कर तिजोरी उभी, भोवती राख. गेल्या सालच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, अख्खा ढीग पाटलांनी तिच्याभोवती रचून पेटवला होता.

“एका तासाची ग्यारंटी हाय ना?” पाटील म्हणाले. “मी पाऊन तासच जाळली. पंधरा मिन्टं तुमच्यासाठी सोडली.”

शेवटी ते राहिलेलं वाक्य बोललो. अशी तिजोरी आग एकदाच सोसते. मसाल्यात पाणी धरून ठेवलेलं असतं. आग लागली की त्याची वाफ होते आणि आतला माल जळत नाही. दाराच्या कडेची पट्टी फुगून फट बंद करते, धूर आत जात नाही. एकदा हे झालं की मसाला कोरडा पडतो आणि पट्टी परत बसत नाही. तिजोरी संपली.

“हे आंधी काऊन नाई सांगतलं?”

“तुम्ही जाळणार हे मला काय माहीत?”

पाटलांची बायको, कमलकाकू, ओट्यावर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, मी म्हनत होती, पह्यले त्यायले इचारा. पन घरात माह्यं आयकते कोन?”

मी चावी लावली. कुलूप फिरलं, पण फुगलेल्या पट्टीनं दार घट्ट धरलं होतं. पहार घातली, छिन्नी घातली. तीन तास गेले. तेवढ्या वेळात मी विचारलं, “आत काय ठेवलं होतं?”

“लायसन.”

माझ्या हातातली पहार तशीच राहिली. “मूळ लायसन?”

“मंग? रद्दी ठेवून पारख होते का? आपलं महत्त्वाचं ते ठेवलं.”

दार उघडलं. लायसनची पुस्तिका जळलेली नव्हती. गावानं टाळ्या वाजवल्या. पाटलांनी ती वर धरून सगळ्यांना दाखवली आणि मग उघडली. आतल्या वाफेत पुस्तिका चांगली शिजून निघाली होती. वडिलांच्या काळापासून शाईनं लिहिलेल्या नोंदी पानभर निळ्या पसरल्या होत्या. पाटलांचा चेहरा उतरला. इतका की मला माझा राग आवरता घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. हवालदारांनी पुस्तिका खिडकीपाशी नेऊन पाहिली.

“नाव दिसत नाही, नंबर दिसत नाही. शिक्का तेवढा दिसतो. दुसरी प्रत काढा. बुलढाण्याला अर्ज करा. कारण काय लिहिता?”

“आगीत खराब झालं,” मी म्हणालो.

“आग कुठं लागली?”

“खळ्यात,” पाटील म्हणाले.

“कुणी लावली?”

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. “म्याच,” ते म्हणाले.

“कशासाठी?”

“आगीत खराब होते का नाई, ते पाह्यासाठी.”

हवालदारांनी पुन्हा पेन खाली ठेवलं. म्हणाले, “पाटील, हे तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहा. माझ्या हातून लिहवणार नाही.”

अर्ज गेला. दसऱ्याच्या आधी काही होणं शक्य नव्हतं.

दसऱ्याला मी मुद्दाम त्यांच्याकडे सोनं द्यायला गेलो. बैठकीत पाट मांडलेला, त्यावर नुसती झेंडूची माळ. पाटील भिंतीला टेकून खाली मान घालून बसलेले. लोक येत होते, आपट्याची पानं देत होते, पाटलांच्या पाया पडत होते. गर्दी कमी नव्हती. उलट बायका लेकरांना कडेवर घेऊन थेट आत येत होत्या, लेकरं पाटावरची फुलं ओढत होती.

शेवटी पाटलांनाच राहवलं नाही. शेजारच्या नामदेव म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, “नाम्या, यंदा पाटावर बंदूक नाई. पाह्यलं ना?”

“पाह्यलं ना. म्हनून तं नातवाले आत आनलं. दरसाली भाईर उभं ठेवत होतो. बंदूक भरेल असली तं, कोनाले मालूम?”

इतक्या वर्षांचा मान एका वाक्यात मोजून मिळाला होता. पाटलांनी पाटापाशी फुलं ओढणाऱ्या त्या नातवाला उचललं आणि मांडीवर घेतलं.

लायसनची दुसरी प्रत नंतर आली. मी नव्या तिजोरीचं विचारायला फोन केला, तर पाटील म्हणाले, “बंदूक राहू द्या तिथंच. ठानं पक्कं हाय.” जळकी तिजोरी त्यांच्या गोठ्यात आहे. कमलकाकू तिच्यात सरकी ठेवतात. दार लागत नाही, पण उंदीर चढत नाहीत म्हणतात.

आता मी गिऱ्हाइकाला किंमत सांगायच्या आधी सांगतो, की ही तिजोरी आग एकदाच सोसते, घरी पारखायची नाही. आणि बंदुकीचं माप विचारण्याआधी ती घरात कशाला हवी, हे विचारतो. बरीच गिऱ्हाइकं तिथंच अडखळतात, चहा घेतात आणि निघून जातात. धंद्याच्या दृष्टीनं हा प्रश्न फार वाईट आहे.